घाटकोपर ते बोरिवली, सायलीच्या एक पाऊल मागे

या ब्लॉगवर मी आजवर लेणी आणि किल्ल्यांविषयीच लिहिले. या वेळच्या प्रवासात तिकीट काढून पाहण्यासारखे एकही ठिकाण नव्हते. तरीही मुलुंडहून घाटकोपर, आरे कॉलनी आणि बोरिवली असा तीन दिवसांचा फेरा कोणाला करावासा वाटला, तर वाटेची माहिती उपयोगी पडेल. सोबत कोणाला न्यावे, याबद्दल मात्र मला काही सांगता येणार नाही.

मी मुलुंडच्या एका लहान कंपनीत काम शिकते. कार्यालयांमध्ये वाय-फाय आणि नेटवर्कवरून चालणारे टेलिफोन बसवणे हा आमचा व्यवसाय. माझ्याबरोबर सायलीही शिकते. आम्ही एकाच मराठी शाळेत होतो. मी पहिल्या बाकावर आणि पहिल्या क्रमांकावर, ती शेवटच्या बाकावर, आणि तिच्या क्रमांकाची चौकशी कोणी केली नाही. आज तीच लोकांच्या लक्षात राहते.

निघायच्या आदल्या दिवशी कांबळे सरांनी आम्हाला बोलावले. दुधाचा व्यवसाय करणाऱ्या एका ग्राहकाच्या तीन जागा होत्या.

"घाटकोपर सायलीचं, आरे तुझं, बोरिवली दोघींनी मिळून," सर म्हणाले. "जिच्या जागेवरून सोमवारी तक्रार येणार नाही, तिला अंधेरीचं मुख्य कार्यालय. कायमची नोकरी."

"आणि दोघींचीही तक्रार नाही आली तर?" सायलीने विचारले.

"मग मला विचार करावा लागेल."

"मग आत्तापासूनच करायला घ्या, सर."

सर हसले. असे वाक्य मला दोन दिवसांनी सुचते, तेही घरी.

गुरुवारी खोकी असल्यामुळे आम्ही टॅक्सी केली. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहत आहेत, त्यामुळे मुलुंड ते घाटकोपर या अंतरासाठी तासभर हाताशी ठेवावा. घाटकोपर पूर्वेला न्याहारीला डोसा उत्तम मिळतो. चटणी मागितली की पुन्हा वाढतात. मागितली सायलीने. मी वाटी रिकामी ठेवून वाट पाहत होते.

कार्यालय पाचव्या मजल्यावर होते. तिथे दोन नेटवर्क स्विच, म्हणजे सगळे फोन आणि संगणक ज्यांना जोडलेले असतात त्या पेट्या, एकमेकांना जोडून एकच असल्यासारखे चालवायचे होते. अशा जोडीत एक स्विच काम पाहतो आणि दुसरा सज्ज राहतो. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याची पाळी येते. हे काम सायलीने माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपवले. फोन सुरू झाले तेव्हा स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, "जुन्या फोनची रिंग बरी होती गं. ही ऐकली की वाटतं, कोणाच्या तरी घरी पाहुणे आले."

"पाहुणे नकोत ना तुम्हाला? घ्या." सायलीने तिथल्या तिथे रिंग बदलून दिली. बाईंनी तिला डब्यातला रव्याचा लाडू दिला. मलाही दिला, पण नंतर, आणि "तुझ्या मैत्रिणीला आवडला, तू पण घे" असे म्हणून.

त्यानंतर जे घडले ते लिहिण्यासाठीच बहुधा मी हा लेख लिहिते आहे. स्विचमध्ये केलेले बदल लगेच लागू होतात, पण ते वेगळी आज्ञा देऊन सेव्ह करावे लागतात. न केल्यास वीज जाऊन आली की स्विच सगळे विसरतो. सायलीने ती आज्ञा दिली नव्हती. बाईंशी गप्पा मारत तिने लॅपटॉप मिटला. मी तिच्या मागे उभी होते आणि पडद्यावरची शेवटची ओळ मी वाचली होती. उतरताना लिफ्टपाशी चिकटवलेली सूचनाही मी वाचली: विजेच्या कामासाठी रविवारी दिवसभर इमारतीचा पुरवठा बंद. सायली सूचना वाचत नाही. मी सगळे वाचते.

मी गप्प राहिले.

शुक्रवारी आरे. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून मेट्रो बदलून गोरेगाव आणि पुढे आरेची बस, असा मार्ग सोयीचा आहे. झाडांच्या बोगद्यातून बस जाऊ लागली की आपण मुंबईत आहोत हे विसरायला होते. जुने बूट घालावेत.

गोठ्यात दूध मोजणाऱ्या माणसांच्या टॅबलेटना वाय-फाय हवे होते. मी सकाळी लॅपटॉप हातात घेऊन खांबाखांबाशी थांबले, लहरींची ताकद मोजली आणि वहीत रंगीत नकाशा काढला. कोपरा न् कोपरा हिरवा आला. त्यानुसार वाय-फायच्या पेट्या भिंतींवर बसवून मी शिडी मिटली. खरे सांगायचे तर घाटकोपरच्या मानाने माझे काम किती नेटके झाले, हे मी मनाशी दोनदा म्हटले.

सायली त्या वेळी गोठ्याची देखरेख करणाऱ्या तावडेकाकांशी बोलत बसली होती. काका मूळचे मालवणचे. म्हशी आंघोळ करून परतल्या की गोठा कसा भरून जातो, ते काका सांगत होते, "आता खाली दिसता. म्हशी न्हावन इल्यो की हय उभ्या रवाक जागा गावाची नाय."

सायली उठून माझ्याकडे आली. "अगं, तुझा नकाशा रिकाम्या गोठ्याचा आहे. म्हशी परत आल्या की वाट लागेल. तासभर थांबूया ना?"

प्राण्यांच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते, हे मी पुस्तकात अधोरेखित केले होते. म्हशी कुठे आहेत हे विचारायला मात्र मला सुचले नाही. सुचले असते तरी अनोळखी माणसाला विचारायचे धाडस झाले असते का, ही वेगळी गोष्ट. म्हशी आल्या, ओळीने उभ्या राहिल्या, आणि गोठ्याची पूर्वेकडची बाजू माझ्या पडद्यावर लाल झाली.

"बघ, नकाशावर बसल्या," सायली म्हणाली.

आम्ही दोन पेट्या भिंतीवरून काढून मधल्या वाटेवर उंच टांगल्या. शिडी तिने धरली. एका म्हशीने तिची ओढणी चघळली. सरांचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तिचं काम झकास झालंय, सर." ती खोटे बोलत नव्हती. तिने एक गोष्ट सांगितली नाही, इतकेच. मीही तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली नव्हती. या दोन मौनांतला फरक मला परतीच्या बसमध्ये गोरेगाव येईपर्यंत छळत राहिला.

शनिवारी बोरिवली. मेट्रोने मागाठाणे, पुढे रिक्षा. तिथले काम सोपे होते, दुपारी दोनपर्यंत आटोपले. जवळच्या खानावळीत थालीपीठ आणि लोण्याचा गोळा मिळतो. उशिरा गेल्यास लोणी संपते. सायली जागा धरायला पुढे गेली. मी लॅपटॉपसह एकटी मागे राहिले.

तिन्ही जागा आता एकाच नेटवर्कवर असल्यामुळे बोरिवलीतून लॅपटॉपवरूनच घाटकोपरच्या स्विचवर जाता येत होते. बदल अजूनही सेव्ह झालेले नव्हते. मी काहीच केले नसते तर रविवारी वीज गेल्यावर स्विच सगळे विसरले असते, सोमवारी फोन मुके झाले असते आणि अंधेरीचे टेबल माझे झाले असते. आज्ञा दोन शब्दांची आहे. मी ती टाइप केली आणि एंटर दाबण्यापूर्वी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. हे लिहिताना मला चांगुलपणाचा आव आणायचा नाही. मला आठवत होती ती फक्त शिडीला धरलेली तिची बोटे, आणि त्या बोटांचाही मला राग येत होता.

मी एंटर दाबले. खानावळीत पोहोचले तेव्हा तिने माझ्यासाठी लोणी बाजूला काढून ठेवले होते.

सोमवारी एकही तक्रार आली नाही. सरांनी दोघींना समोर बसवले. "दोन्ही कामं चांगली. पण अंधेरीला दिवसभर माणसांशी बोलावं लागतं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. सायली आता अंधेरीला जाते. मी मुलुंडच्या कार्यालयात आहे आणि तिच्या स्विचच्या नोंदी रोज तपासते. कोणी सांगितलेले नाही. बुटांना अजून आरेचा वास येतो. हेवा गेला आहे, असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

हा लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी मी तिला पाठवला. सकाळी तिचे उत्तर आले: "मला सांगायला पाहिजे होतंस गं. दोन दिवस माझ्यासोबत जेवलीस. असो. बाकी काहीही बदल, 'मी गप्प राहिले' ते ठेव. आणि ओढणी नवी होती, तेही लिही."

ओढणी नवी होती. तिला इतक्या थोडक्यात रागावता येते आणि तिथेच थांबताही येते. मला अजून तेही जमत नाही.