काळा, करडा आणि थोरात अण्णा

लॅपटॉप घेऊन फिरतीवर निघालं, की बॅगेत चार्जरबरोबर किस्सेही साठायला लागतात. चार्जर निदान एखाद्या लॉजवर विसरता येतो. किस्से कुठेच विसरता येत नाहीत!

माझ्याकडचे नव्वदच्या दशकाच्या अखेरचे आहेत. नगरला ठिबक सिंचनाचे आराखडे करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो. फिरतीवर दोघंच. सत्तावीस वर्षांचा मी, म्हणजे साळवे, आणि पंचावन्नचे थोरात अण्णा. माझे आईवडील भावाकडे औरंगाबादला, मी भाड्याच्या खोलीत. अण्णांची बायको आदल्या दिवाळीत वारली होती.

एक दिवस साहेबांनी टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले. एक काळा. जाड, वजनदार, मोठ्या बटणांचा, बॅटरी दोन-अडीच तास. दुसरा करडा. वहीएवढा, हलका, पण बटणं बारीक, फ्लॉपीचा डबा बाहेर वायरीला लोंबणारा आणि बॅटरी तासाभरात गार!

"महिनाभर वापरा, मध्ये अदलाबदल करा. जो चांगला वाटेल, तसलेच नव्या माणसांना घेऊ," साहेब म्हणाले. अण्णा बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "थोरातांना हे झेपतंय का तेही बघ. नाही तर त्यांना ऑफिसातच बसवू."

मी मान हलवली. अण्णांना ऑफिसात बसवायचं म्हणजे रोज संध्याकाळी सहाला घरी पाठवायचं. त्या घरी कोण होतं?

*

पहिले पंधरा दिवस करडा माझ्याकडे होता. कोपरगावच्या एसटीत धूळ लागू नये म्हणून मी तो टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या म्हातारीनं तीन-चारदा वाकून पाहिलं.

"किती म्हैन्याचं हाय?"

"आजी, कम्प्युटर आहे हा."

"आसं व्हय!" तिनं टॉवेलाचं टोक सारखं केलं. थोड्या वेळानं म्हणाली, "लगीन झालंय का?"

"नाही."

"मग धर बाबा घट. कायतरी पायजेच की धराया!"

*

हा अण्णांनी सांगितलेला. देवळाली प्रवराला एका शेतकऱ्याच्या बांधावर ते काळा उघडून बसले. भर दुपारचं ऊन, पडद्यावर काही दिसेना. शेतकऱ्यानं घोंगडी आणली आणि दोघांच्या डोक्यावरून घेतली. आत गुडूप अंधार. आराखडा मात्र लख्ख दिसला! कुठून नळी जाणार, कुठं पाणी ठिबकणार, अण्णा समजावत राहिले.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. बघते तर बांधावर एक घोंगडी आणि खाली चार पाय!

"आवो, कोन हाय ते भाईर या! न्हाईतर ह्यो च्या म्हशीला घालते!"

अण्णा हे सांगताना मनापासून हसले. दिवाळीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

*

कोपरगावच्या लॉजवर माझ्या खोलीत प्लग एकच. पंखा लावला तर लॅपटॉप चार्ज होणार नाही, लॅपटॉप लावला तर पंखा नाही. मॅनेजर रोज संध्याकाळी जिन्याखालून ओरडायचा, "साळवे साहेब, आज पंखा का कम्प्युटर?"

दिवसभर लोक माझ्याशी बोलायचे ते पाण्याविषयी आणि नळ्यांविषयी. माझ्याविषयी विचारलेला तेवढा एकच प्रश्न असायचा. मी मुद्दाम जरा उशिरा उत्तर द्यायचो.

म्हणजे तो पुन्हा विचारायचा!

*

पंधरा दिवसांनी काळा माझ्याकडे आला. साहेबांनी बॅटरीची नोंद ठेवायला सांगितली होती, किती वाजता चालू, किती वाजता बंद. अण्णांची फाइल उघडली. एका बोटानं टाइप केलेलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी:

'सोमवार. पिठलं भाकरी. तिखट लई. मंगळवार. जेवलो न्हाई. केळी दोन. बुधवार. राहुरी स्टँड, मिसळ. बरी हुती.'

असे सगळे पंधरा दिवस!

"अण्णा, हे काय?"

अण्णा ओशाळले. "सांच्याला घरी फोन करायचो ना. ती पयलं ह्येच इचारायची, काय जेवलात. आता फोन कुनाला करायचा? मग हितं लिवलं."

"पण साहेबांना बॅटरीचं पाहिजे."

"मग लिव की खाली. जागा हाय अजून!"

बॅटरीच्या वेळा मी त्यांना आठवायला लावल्या, वेगळ्या फाइलीत लिहिल्या आणि खाली त्यांचं नाव घातलं. साहेब खूश झाले. "थोरातांना चांगलं जमलं की!"

जेवणाची फाइल मी पुसली नाही.

*

महिना संपल्यावर साहेबांनी दोघांना समोर बसवलं. मी म्हणालो, करडा. फिरतीला हलका बरा, प्लग तर शोधावाच लागतो. मग साहेब अण्णांकडे वळले. अण्णांची कंबर दुखायची, त्यामुळे उत्तर ठरलेलंच होतं.

"काळा," अण्णा म्हणाले.

"काळा? का?"

"वजन हाय त्याला."

"अहो थोरात, वजन हा दोष झाला!"

"तुमाला आसंल."

साहेबांनी नव्या माणसांना करडे घेतले. काळा अण्णांकडेच राहिला, आणि अण्णा फिरतीवर राहिले.

*

शेवटचा किस्सा मी साहेबांना कधी सांगितला नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला एका शेतावर आम्हा दोघांना जायचं होतं. अण्णा नगरहून येणार, मी कोपरगावहून, आणि अकोले गावच्या स्टँडवर भेटायचं. मला उशीर झाला. धावत आलो तर बस सुटत होती, कसाबसा चढलो. अण्णा पुढं बसलेले दिसले. मी आलोय हे त्यांना माहीत नव्हतं. खिडकीपाशी काळ्याची बॅग, आणि कडेला ते.

कंडक्टर आला. "बॅग खाली ठिवा की. तुमी बसा खिडकीत."

"ऱ्हाऊ द्या. घाटात तिला खिडकी लागती," अण्णा म्हणाले. "भंडारदरा, दोन."

कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली, टकटक पंच केली आणि अण्णांच्या हातात दिली. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"दुसरं कोन?"

अण्णा हातातल्या तिकिटांकडे बघत राहिले.

"मी," मी मागून म्हणालो. "दुसरा मी."

अण्णांनी वळून पाहिलं. एक तिकीट माझ्या हातात दिलं. मी बसायला पुढं सरकलो, तर त्यांनी खिडकीतल्या बॅगेवर हात ठेवला.

"मागं बस," ते म्हणाले.