एक भाकर जास्त

आज तव्यावर भाकर करपली आणि त्या वासानं मला नांदुऱ्याच्या घरी नेलं. जेवणाआधी प्रत्येकानं एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे, हा आईचा नियम. चार वर्षांच्या रूथला, माझ्या बहिणीला, पुरून आलो त्या संध्याकाळीही तिनं तो मोडला नाही. भाकरी मात्र करपल्या होत्या.

मी तेव्हा नऊ वर्षांची. म्हणाले, "आई, एक भाकर जास्त झाली."

"हाव, सवयीनं केली. रूथ आपल्याले भेटली, त्याचे आभार मान."

"नाही मानत! देवानं नेली काऊन तिले?"

"मले बी नाही समजत, बाई. पण दिली होती ना त्यानंच?"

आई मला दगडाची वाटली. मी उपाशीच उठले.

परवा आईला पुरलं. तिच्या मागची सगळी कामं यादी करून उरकली, तरी आज टोपलीत एक भाकर जास्त निघाली. जेवणाआधी मी रूथबद्दल आभार मानले, मग आईबद्दल.