चोवीस पाचरी

"माझी जमीन हलायची नाही, ताई. हत्ती नाचव वर."

"तेच तर रडणं आहे, काका! हलायलाच पाहिजे होती ती!"

"काय?"

"हलायला पाहिजे होती!" ताई त्याच्या कानाशी ओरडली.

मिस्त्रीचा चेहराच पडला. चाळीस वर्षांत त्याच्या लाकडी जमिनीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ही पोर म्हणत होती, हलत नाही हाच तिचा दोष.

ताईचा धंदाच जगावेगळा. ती आवाजाच्या खोल्या करायची. माणसानं अनवाणी आत यायचं, फळ्यांवर उभं राहायचं नाहीतर खुशाल आडवं पडायचं, आणि आवाज टाचांनी, बरगड्यांनी ऐकायचा. फळ्यांखाली तिनं धक्के देणारी यंत्रं बसवली होती, वाशांखाली रबराच्या गाद्या होत्या. तरी सकाळपासून जमीन मेल्यासारखी पडून होती, आणि चार वाजता लोक यायचे होते.

दारात मिस्त्रीचा मेव्हणा उभा. मिस्त्रीच्या सुतारकामाच्या कारखान्यात अर्धी भागीदारी त्याची. करवतीपाशी आयुष्य काढून मिस्त्रीचे कान गेले, तसा तो मागेच लागला होता. "दाजी, ठरलंय हां आपलं. हे काम फसलं की करवतीला हात लावायचा नाही. दुकानात बसून बिजागऱ्या मोजायच्या." मग हळूच ताईला म्हणाला, "बहिऱ्याकडून आवाजाची खोली बांधून घेतलीत. धन्य आहे तुमची!"

तेवढं मात्र मिस्त्रीला बरोबर ऐकू गेलं. टोमणे त्याला कधी चुकत नसत.

त्यानं खिशातली लाकडी फूटपट्टी काढली, गुडघ्यावर बसला, एक टोक फळीला टेकवलं आणि दुसरं दातात धरलं. कारखान्यातल्या यंत्रांची खरखर तो अशीच तपासायचा. समोरचे चार दात अजून स्वतःचे होते आणि कानांपेक्षा इमानी होते. त्यानं ताईला हातानं खूण केली, आवाज लाव.

मधल्या फळीत काही नाही. पुढच्या फळीतही नाही. ढुंगण वर करून, रांगत रांगत तो भिंतीपर्यंत गेला. मेव्हणा हसून लालबुंद. पट्टी भिंतीला लागली आणि मिस्त्रीच्या दातांना मुंग्या आल्या. भिंत गुरगुरत होती!

"चोर इथं आहे," तो म्हणाला, आणि लगेच त्यानं कपाळावर हात मारून घेतला. चोर तोच होता. जमीन टाकून झाली की कडेच्या फटीत पाचरी ठोकायच्या, ही त्याच्या हाताची सवय. ताईनं कागदावर फट मोकळी दाखवली होती. हातानं ती भरून टाकली, डोक्याला न विचारता, आणि वरून लाकडी झाकपट्टीही मारली. सगळा आवाज पाचरींवाटे भिंतीत पळत होता.

"माझी चूक," तो मोठ्यानं म्हणाला, मेव्हण्यालाही ऐकू जाईल असं. आणि पटाशी घेतली.

चोवीस पाचरी. एकेक उचकटताना त्याला घाम फुटला. शेवटची तर जाम हटेना. ठोकली कुणी होती! ती निघाली, जमीन सुटी झाली, ताईनं कळ दाबली.

आवाज टाचेतून शिरला, नडगीनं वर चढला, पोटात बसला आणि छातीच्या पिंजऱ्यात घुमायला लागला. मिस्त्री पाय फाकवून तसाच उभा. कान गेल्यापासून सात वर्षांत एवढा स्वच्छ आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"आता उतरतोय... थांबला... अगं, आता दोन झाले!"

"दोनच आहेत, काका! दोनच!" ताई नाचायलाच लागली.

चारला लोक आले, त्यांत मिस्त्रीची बायकोही. "अगंबाई! अहो, माझ्या पोटात गिरणी सुरू झाली!" म्हणाली, आणि जी आडवी झाली ती उठेचना.

"अगं ऊठ, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. जन्मभर तुमची करवत ऐकली, आता हे ऐकू द्या जरा."

मेव्हणा चपला काढून आत आला आणि पहिल्याच धक्क्याला त्यानं दाराची चौकट धरली.

"सोड ती," मिस्त्री म्हणाला. "तिच्यात काही नाही. इथं उभा राहा."

मेव्हणा मधल्या फळीवर येऊन उभा राहिला. मिनिटभरानं ओरडून म्हणाला, "दाजी, बिजागऱ्या मी मोजतो!"

"आं?"

त्याला ते दोनदा म्हणायला लागलं.

संध्याकाळी मिस्त्री कारखान्यात परतला तेव्हा एक अडकणारं दार सकाळपासून वाट बघत होतं. मिस्त्रीनं ते बाकावर घेतलं, रंध्याचं पातं अंगठ्यावर पाहिलं आणि कडेची पहिली साल काढली, लांबलचक, कुठं न तुटता.