नीरफणसाची पानं

आंटी मालिया हॉटेलच्या लॉबीत शिरताना चपला दाराशी काढून ठेवत. होनोलुलूतलं ते जुनं, नावाजलेलं हॉटेल. पाहुणे बुटांनिशी खुशाल आत जात आणि त्यांच्या बॅगांच्या रांगेत ही रबरी जोडी. पहिल्या दिवशी कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी ती उचलून काउंटरवर नेऊन दिली. आंटींना अनवाणी घरी जावं लागलं. आमची ओळख ही अशी झाली.

हॉटेलची अंतर्गत सजावट बदलायची होती. "हवाईची संस्कृती दिसली पाहिजे" अशी मालकांची अट. काम मिळालं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या, मूळच्या नागपूरच्या मला. माझं हवाईचं ज्ञान एका आठवड्याच्या सहलीचं! आंटींनी तिथल्या चादरींचं खातं वर्षानुवर्षं सांभाळलेलं, म्हणून निवृत्तीनंतर त्यांना सल्ल्याला बोलावलं होतं.

त्यांचा एकच प्रश्न असे : "विचारलंस?" चटईसाठी केवड्यासारखी लांब पानं तोडण्याआधी त्या झाडाला विचारत. मी बागेतलं फूल तोडलं, की "विचारलंस?"

"हो आंटी, ते हो म्हणालं."

"इतक्या लवकर? मला तर अर्धा तास ताटकळत ठेवतं."

एकदा घरी नेऊन त्यांनी आपल्या आईने हाताने शिवलेली रजई दाखवली. पांढऱ्यावर हिरवी नीरफणसाची पानं. मी कौतुकाने पलंगावर टेकणार, तोच त्यांनी दंड धरला. "पोरी, रजईवर बसायचं नाही." मी उभ्यानेच फोटो काढला आणि महिन्याभराने तीच पानं लॉबीच्या कार्पेटवर उतरवली. आंटींना सरप्राइज!

कार्पेटचा नमुना अंथरला. आंटी आल्या, थबकल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, उघड्या फरशीवरून पलीकडे गेल्या. "आईच्या हातांवरून कशी चालू गं?"

पुस्तकाला पाय लागला तर आजही नमस्कार करणारी मी! ऑर्डर उद्या जाणार होती. आंटींनी नेहमीचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. तेच जास्त लागलं.

त्याच दुपारी बॉसची बोलणी खात मी ते डिझाइन कॅन्सल केलं. मग आंटींच्या दारात चपला काढल्या. "तुमच्या आईंची रजई लॉबीत, उंच भिंतीवर, त्यांच्या नावासकट लावू?"

त्यांनी मलाही अर्धा तास ताटकळत ठेवलं. मग म्हणाल्या, "लाव. कार्पेट मात्र साधं घाल."

मागच्या उन्हाळ्यात आंटी वारल्या. यंदा लेकीला घेऊन त्या हॉटेलात गेले. मी दाराशी बूट काढले तशी ती पुटपुटली, "मॉम, एव्हरीवन इज लुकिंग." पण रजईसमोर थांबली. फोन वर धरत म्हणाली, "कॅन आय टेक अ पिक्चर?"

मी सवयीने, आंटी बसत त्या चादरींच्या खोलीकडे वळले, विचारायला.