फुटक्या टबातला तालीमखाना

सुगंधाबाई गेल्याचा फोन तिच्या मुलीने केला, तेव्हा मी वर्गात फुलपाखराचा जीवनक्रम शिकवत होतो. अंडं, अळी, कोष... खडू ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. हे सगळं मला तिनेच दाखवलं होतं, आणि मी त्याचं वाटोळं केलं.

चामोर्शीकडच्या एका गावतळ्यावर ती मासे धरायची. मी गडचिरोलीचा विज्ञान शिक्षक, वहीत फुलपाखरांची नावं लिहीत हिंडणारा. पंखांवर मोठे डोळे असलेलं भिरभिरी नावाचं नारिंगी फुलपाखरू मी पावसाळ्यात नोंदवलं. उन्हाळ्यात पंख मिटले की वाळक्या पानासारखं दिसणारं एक फुलपाखरू भेटलं, ते वेगळं म्हणून लिहिलं. जाळं झटकत ती हसली. "दोन काऊन लिवता मास्तर? एकच हाय ते. पानी आटलं का कपडे बदलते." पुस्तक उघडून बघतो तर बाईचंच खरं! तरी शहाणपण मिरवायची माझी खोड काही गेली नाही.

तळ्याकाठच्या तालीमखान्याच्या काटेरी झुडपांवर ही भिरभिरी अंडी घालते, तिची काळी अळी त्याचीच पानं खाते, हे ती वारंवार सांगायची. मी भिरभिरी फुलांवर बसलेली पाहिली होती, म्हणून तळ्यावरच्या माहितीच्या पाटीसाठी खुशाल लिहून दिलं, 'फुलझाडांवर वाढते.' माझ्या शब्दावर गावाने काटे उपटले, झेंडू लावला. उद्घाटनाची फीत मीच कापली... लाज वाटते सांगायला. ती मागेच उभी होती.

"फुलावर ते जेवाले येते, मास्तर. लेकरं काट्यात ठेवते. सांगतलं होतं ना मी तुमाले?"

"बघू पुढच्या वर्षी," मी म्हणालो. पुढच्या वर्षी झेंडू होता, भिरभिरी नव्हती.

उपटलेल्यातलं एक झुडूप उचलून तिने अंगणात फुटक्या टबात जगवलं होतं. शेवटच्या भेटीत त्यावर एक कोष लटकलेला होता. "बी पिकलं का तळ्यावर टाकीन," ती म्हणाली. "तुमी फकत आता काई लिवू नका." मी मान डोलावली.

तेरवीला गेलो, तर अंगण लख्ख सारवलेलं आणि टब पालथा. झुडूप कुठे गेलं, मी विचारलं.

"काटे होते ना सर," मुलगी म्हणाली. "तुमी येनार होते, म्हून उपटून जाळलं."

मुलीकडून टब मागून आणला, पूर्वी तालीमखाना होता तिथली तळ्याची माती भरून गॅलरीत ठेवला. बायको म्हणते, एखादं फुलझाड तरी लावा त्यात. मी रोज सकाळी नुसत्या मातीला पाणी घालतो.