पालकाने समक्ष सही करावी

चार दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं. पाऊसही नाही, नुसतं कोंदट आभाळ. दोरीवरचा कपडा दोन दिवस टांगला तरी हाताला गारच लागायचा. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत अक्का सकाळी सातपासून दमट शर्ट इस्त्रीखाली घेत होती. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ, आणि सगळ्यात शेवटी बटणपट्टी. एरवी एका फेरीत होणारा शर्ट आज दोनदा दाबावा लागत होता.

"इस्त्री करतेयस की सूड उगवतेयस?" समोर घड्या घालणारी मावशी म्हणाली. मावशी नात्याची कुणी नव्हे, पण वीस वर्षं एका टेबलाशी उभं राहिल्यावर वेगळं नातं कशाला लागतं! "त्या शर्टाने तुझं काय घोडं मारलंय गं?"

"काही नाही."

"पोरीशी वाजलं ना सकाळी? सांग की. मी काय गावभर करणार आहे? फार तर अर्ध्या गावभर."

अक्का हसली नाही, तेव्हा मावशीने हातातला टॉवेल खाली ठेवला.

वाजलं होतं खरं. अक्काची लेक भिंगरी शाळेत वरच्या वर्गासाठी विषय निवडत होती. शाळेने दिलेल्या कागदावर एका रकान्यात इतिहास आणि समाजशास्त्र, दुसऱ्यात हिशेब आणि व्यापार. एकावर खूण करायची आणि खाली पालकाने सही करायची, तीही शाळेच्या कचेरीत समक्ष येऊन. पोरं घरून सह्या ठोकून आणायची म्हणून हा नियम. एका पठ्ठ्याने तर बापाची सही अशी झकास केली होती, की खुद्द बापालाही ती आपलीच वाटली. आज बारा वाजेपर्यंतची मुदत होती आणि भिंगरीने इतिहासावर खूण केली होती.

"इतिहास शिकून काय मेलेल्यांची हजेरी घेणार आहेस?" अक्का सकाळी म्हणाली होती.

"हो, घेणार आहे," भिंगरी म्हणाली. "बाईंनी पहिलं काम तेच दिलंय. नदीपलीकडच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला आग लागली होती ना, नऊ बायका गेल्या होत्या? त्यांच्या घरी जाऊन माहिती लिहायची. मी नाव दिलंय."

अक्काच्या हातातला पेला तिथेच राहिला. मग ती जे बोलली ते दहा घरच्या आया बोलतात तेच: पोटापाण्याचं बघ, इतिहासाने कुणाचं भलं झालंय, सही करीन तर हिशेबावर. पोरगी दार आपटून गेली. तिला वाटलं, आईला नोकरीची काळजी. तसं वाटलं तेच बरं, असं अक्काला वाटलं.

कारण त्या कारखान्याचा पहारेकरी म्हणजे अक्काचा बाप. भिंगरीचे आबा.

सव्वीस वर्षांपूर्वी अक्का याच शाळेत होती. तिनेही इतिहासावरच खूण केली होती, आणि तेव्हाही शेवटचा दिवस होता. तिने आबांच्या मागे धोशा लावला होता, "आजच्या आज या. नाहीतर मला भलत्याच वर्गात बसवतील." कारखान्यात बायका मधूनच चहाला निसटतात म्हणून मालकाने मागचं दार बाहेरून कुलपात ठेवायला सांगितलेलं. आबा दुपारी किल्ली खिशात घालून शाळेत आले. अर्ध्या तासाचं तर काम! सही केली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत निघाले. नदीवरच्या पुलावर त्यांना धूर दिसला.

चौकशीच्या कागदात एवढंच आलं, की किल्ली पहारेकऱ्याकडे होती आणि तो जागेवर नव्हता. नाव आलं नाही, आणि मालकाचा हुकूमही आला नाही. आबांचं काम गेलं, घर नदीच्या अलीकडे आलं, अक्काची शाळा सुटली. आबांनी कुणाला कधी काही सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी गेले ते गप्पच गेले.

"हे बघ," मावशी म्हणाली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "साडेअकरा होत आले. सही कशावर करायची ते कर, पण जा. तू गेली नाहीस तर पोरगी कुठलीच राहणार नाही. उरलेले शर्ट मी उरकते. जळले तर तुझ्या नावावर."

अक्काने पदराने तोंड पुसलं आणि निघाली. हिशेबावर सही करायची, दुसरं काही बोलायचं नाही, असं तिने वाटेत पक्कं केलं होतं.

कचेरीबाहेरच्या बाकावर भिंगरी वही घेऊन बसली होती. आईला बघून ती उठली नाही.

"आई, निदान एकदा बघ तरी. मी प्रश्न काढलेत." तिने वही उघडून धरली. अक्षर बारीक, ओळी सरळ. कोण किती वर्षांची होती, घरी कोण होतं, त्या दिवशी डबा काय नेला होता. "आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. किल्ली ज्याच्या खिशात होती तो माणूस कुठे होता? चौकशीच्या कागदात कुठेच नाही. बाईंनाही माहीत नाही. मी शोधून काढणार आहे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? नऊ बायका आत आणि हा महाशय गायब! बसला असेल कुठेतरी पत्ते कुटत. नाहीतर ढोसून पडला असेल. असल्या माणसाला लाज कशी..."

"पत्ते कुटत नव्हता तो," अक्का म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पण शब्द निघाला होता. आणि आबांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता. ढोसणं तर लांबच. पोरीच्या तोंडून त्यांच्याबद्दल हे ऐकणं तिच्याने होईना.

"तुला काय माहीत?"

"इथे आला होता. या कचेरीत. माझ्या अशाच कागदावर सही करायला." अक्का बाकाच्या कडेला टेकली. "तुझे आबा होते ते."

भिंगरी आईकडे बघत राहिली. अक्काने मग सगळं सांगितलं. मालकाचा हुकूम, कुलूप, पुलावरून दिसलेला धूर. तिने कशी घाई केली तेही.

"म्हणून ते न्हाणीला आतून कडी लावायचे नाहीत," भिंगरी हळूच म्हणाली.

"हो."

"आणि आम्ही हसायचो. आत कोणी आहे हे कळावं म्हणून मोठ्याने गाणं म्हणायचे, तर आम्ही कानावर हात ठेवायचो."

"त्यांना आवडायचं ते. तुम्ही हसलेलं."

आतून कारकुनाने डोकावून विचारलं, "कोणी राहिलंय का सहीचं?" भिंगरी म्हणाली, "आलो, सर." मग आईकडे वळली. "त्यांनी सही केली होती ना? मिळाला होता ना तुला इतिहास?"

"मिळाला होता. आठ दिवस गेले मी वर्गात."

अक्काला आता काहीतरी वेगळंच वाटत होतं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं. "दे कागद," ती म्हणाली. "कर इतिहास. तू लिही. मालकाचंही लिही. त्यांचं नाव घालून लिही, माझं काही म्हणणं नाही."

भिंगरीने कागद मांडीवर घेतला. इतिहासापुढची खूण तिने खोडली, सावकाश, कागद फाटणार नाही अशी. दुसऱ्या रकान्यात नवी केली.

"अगं, मी आता म्हणतेय ना..."

"मला नाही जमणार, आई." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "नऊ घरी जायचंय. पहिल्याच घरात विचारतील, बाळ, तू कुणाची? मी काय सांगू?"

सकाळी तिला हेच हवं होतं. कचेरीत जाऊन तिने कारकुनासमोर हिशेब आणि व्यापाराखाली सही केली. कारकून म्हणाला, "छान विषय घेतलात, पुढे उपयोग होतो." भिंगरी वही छातीशी धरून वर्गात गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

लॉन्ड्रीत मावशीने शर्ट संपवले होते आणि एकही जाळला नव्हता. "झालं मनासारखं?" तिने विचारलं.

"झालं."

मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घड्यांचा ढीग बाजूला सारला. दवाखान्याच्या चादरींचं गाठोडं नुकतंच येऊन पडलं होतं. अक्काने गाठ सोडली, चादरी जमिनीवर पसरल्या आणि डागाच्या एकीकडे, साध्या दुसरीकडे अशा निवडायला बसली.