पहिल्या तोड्याचा संत्रा

माझी जीभ तिखट आहे, हे सौंसरला मी शिकवते त्या शाळेत पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या एका नेत्याच्या खर्चाचे कागद माहितीच्या अधिकारात बाहेर आले, तेव्हा मी गप्प बसणार नव्हतेच. साहेबांच्या गाडीचं डिझेल एकाच दिवशी छिंदवाड्यालाही जळलं होतं आणि नागपूरलाही. चहा-नाश्त्याची बिलं पाहून वाटावं, हा माणूस सकाळपासून फक्त भजीच खातो. बसस्टँडवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत लोक दुसरं काही बोलतच नव्हते. मीही ते कागद मोबाइलवर दिसेल त्याला पाठवत सुटले होते. खरं सांगते, त्या संतापात मजाही येत होती.

मग एके दिवशी मी शेवटचं पान नीट वाचलं. ‘अतिथि सत्कार हेतु संतरा क्रय’, म्हणजे पाहुण्यांसाठी संत्रा खरेदी, असं वर लिहिलेलं, आणि खाली आमच्या गावातल्या अकरा बागवाल्यांची नावं. चौथं नाव माझ्या वडिलांचं. पुढे सहीही त्यांचीच.

आमच्या गावात मृग बहराचा पहिला तोडा, म्हणजे त्या हंगामात झाडावरून पहिल्यांदा तोडलेला संत्रा, कोणी विकत नाही. तो देवाला, शेजारपाजाऱ्यांना आणि बागेत आलेल्या पाहुण्याला जातो. बाकीची बाग मग व्यापारी बोली लावून घेतो. पहिला तोडा विकला, असं कोणाबद्दल म्हटलं तर त्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. कागदावरची तारीख पहिल्या तोड्याच्या दिवसांतलीच होती; म्हणजे कागद सांगत होता, माझ्या वडिलांनी तो विकला, तोही या माणसाला.

रविवारी सकाळच्या बसने गावी गेले. बाबा बागेत झाडांभोवती पाण्यासाठी आळी करत होते. मी पाणीसुद्धा न पिता विचारलं, “बाबा, तुम्ही त्या नेत्याकडून संत्र्याचे पैसे घेतले का?”

बाबांनी कुदळ खाली ठेवली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. “बागेत आला होता तो,” ते म्हणाले. “पावना म्हणून पहिल्या तोड्याचं टोपलं देल्लं. त्याच्या माणसानं कागद पुढं केला. म्हणे, काकाजी, साहेब येऊन गेल्याची सही पायजे. मी केली.”

“वाचलं नाही?”

“दारी आलेल्या पावन्याचा कागद कोण वाचते?”

मला स्वतःची लाज वाटली, पण ते तोंडाने म्हणता आलं नाही. मी फक्त त्यांनी खाली ठेवलेली कुदळ उचलली आणि एक आळं ओबडधोबड करून टाकलं.

गावात त्या पानाने आग लावली होती. नेता राहिला बाजूला, लोक या अकरा जणांवरच तुटून पडले होते. शेजारचे काका रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायचे, ते फिरकेनासे झाले. त्यांचंही नाव यादीत होतं. त्यांना वाटत होतं, आपणच तेवढा दिला, बाकीच्यांनी विकला. अकराही जण हेच समजून आपापल्या घरात बसले होते.

“मी सभेत बोलतो,” बाबा म्हणाले.

“लोक हसतील.”

“हसले त हसले. मान खाली घालून बागेत जाणं माह्याच्यानं होत नाही.”

ग्रामसभेला नेत्याचा तोच माणूस आला होता. तोंडात साखर घोळवत म्हणाला, “काकाजी, गलतफहमी होऊन राहिली. तुमची रक्कम राहिली असंन, घरी पोहोचवून देतो.”

बाबा उभे राहिले. “रक्कम नको. मी इकला नाही, देल्ला होता. कागदावर तसं लिहा.”

कोणी हसलं नाही. शेजारचे काका उठले. “मीही देल्लाच होता,” एवढंच म्हणाले आणि बाबांकडे न बघता खाली बसले. मग एकेक करत सगळे उठले. नेत्याचा माणूस फाईल काखेत मारून निघून गेला.

त्याच दिवशी आमच्या ओसरीवर नेत्याच्या खोट्या बिलाविरुद्ध अकरा जणांची एक तक्रार तयार झाली. लिहायला मीच बसले. सगळं लिहून झाल्यावर बाबांना विचारलं, आणखी काही?

“लिही,” ते म्हणाले. “या कागदापायी माह्या पोरीनंही मले इचारलं, पैसे घेतले का म्हणून.”

शेजारचे काका म्हणाले, “राहू दे ना भाऊ, घरातली गोष्ट आहे. अन् पोरगी सरकारी नोकरीत. नेत्याविरुद्ध तिचं नाव आलं त बदली ठरलेली.”

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ‘पोरीनंही’च्या पुढे माझं पूर्ण नाव घातलं, शाळेचं नाव घातलं, आणि सगळ्यांच्या आधी सही केली.